सोनेरी विक्रेती, मुक्काम बोरी अरब

धंदा कसा करावा हे मले कोणी शिकवू नये! मार्च महिना लागेपर्यंत हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणत होती, आणि आमच्या ह्यायले तर जेवणाच्या ताटावरही ऐकवत होती. आता कोणी ते वाक्य माझ्यासमोर काढलं तर मी हातातलं लाटणं फेकून मारीन. आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट मी रागात सांगून राह्यली. राग उतरला की सांगू असं ठरवलं होतं, पण तो मेला उतरतच नाही.

मी साधना. राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा. घरामागच्या खोलीत मी जवसाची चटणी करते. सोबतीले गंगी आहे. गंगी आधी लोकायच्या वावरात कापूस वेचाले जायची. माझ्या भरवशावर तिनं ते सोडलं आणि माझ्या कढईसमोर येऊन बसली. जवस भाजाचा तिचा हात असा, की वास पार एसटीच्या थांब्यापर्यंत जाते आणि गाडीची वाट पाहणारे माणसं माना वळवून पाहतात. ही चटणी मी मोबाइलवर विकत होती, 'दारीबाजार' नावाच्या ॲपवर.

आता ह्या ॲपवाल्यायची खोड ऐका. त्यायच्याकडं विक्रेत्याच्या तीन पायऱ्या. साधा, चंदेरी आणि सोनेरी. साध्याचे शंभरातले अठरा रुपये कापणार, उरलेले पंधरा दिवसांनी देणार, आणि पार्सल ज्याचं त्यानं दारव्ह्याच्या केंद्रावर नेऊन टाकाचं. चंदेरीचे चौदा कापणार, पैसे आठ दिवसांनी. सोनेरी झालं की फक्त नऊ, पैसे दोन दिवसात, कुरिअरवाला दारात हजर, आणि नावासमोर सोनेरी मुकुट! म्हणजे ज्याचं आधीच बरं चाललं त्याचं कमी कापाचं, आणि जी बाई एसटीत मांडीवर डबे घेऊन दारव्ह्याले जाते तिच्या पदराले जास्त हात घालाचा. हा कायदा ज्यानं काढला ना, त्याले एकदा मार्चच्या उन्हात आमच्या थांब्यावर दोन पिशव्या देऊन उभा करा. दुपारची गाडी चुकली की समजते त्याले पायरी म्हणजे काय असते!

पण मी हुशार होती ना. माझी पहिली हुशारी, चटणी प्लास्टिकच्या पाकिटात न देता स्टीलच्या गोल डब्यात द्याची. चकचकीत डबा, घट्ट झाकण. दुसरी हुशारी तर त्याच्याही वरची. खाण्याच्या वस्तूत नोंद केली की छप्पन कागद मागतात, म्हणून मी नोंद केली भांड्यात. 'स्टीलचा डबा झाकणासह, आत जवसाची चटणी मोफत.' हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःलेच शाबासकी दिली आणि एक कप चहा जास्तीचा पेली. खाण्याची वस्तू ॲपवाले परत घेत नाहीत, पण भांडं परत घेतात, हा नियम मी वाचला नव्हता. कोण वाचते?

आमच्या ह्यायचा, म्हणजे देवरावचा, डोळा त्या मागच्या खोलीवर होता. ह्यायले तुरीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, ठेवाले जागा पाहिजे होती. चटणीनं कोणाचं भलं झालं काय, असं रोज सुरू. एक दिवस मी भडकली आणि म्हटलं, लावा पैज. एकतीस मार्चच्या संध्याकाळी माझ्या नावासमोर सोनेरी मुकुट असला तर खोली कायमची चटणीची. नसला तर एक एप्रिलले तूर आत आणि कढई बाहेर. हे लगेच हो म्हणाले. इतक्या लवकर तर लग्नालेही हो म्हटलं नव्हतं. गंगी दारातून ऐकत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातून जवस करपला.

सोनेरी व्हाले दोन अटी. जानेवारी ते मार्च तीन महिन्यात शंभर ऑर्डरी पाहिजे, आणि परत आलेला माल पाच नगापेक्षा जास्त नको. मार्चच्या पाच तारखेले माझ्या एक्याऐंशी ऑर्डरी झाल्या होत्या. परत आलेलेही पाच होते, म्हणजे ती हद्दही भरली होती. कोणाले तिखट लागली, कोणाच्या डब्याले पोचा पडला. एका पुण्याच्या बाईनं तर लिहिलं की डब्यात चटणी आहे म्हणून डबा वापरता येत नाही! आता तिले काय म्हणाव? म्हणजे मले पाहिजे होत्या एकोणीस ऑर्डरी, आणि त्यातली एकही परत याले नको.

मी रातभर... नाही, रातभर कायची, मी भाकरी थापता थापताच ठरवलं. परकी माणसं वस्तू परत करतात. सोयरे काही परत करत नाहीत. सोयऱ्याकडून आलेली वस्तू कितीही वाईट असो, माणूस घरात ठेवून घेते आणि मंग मांगून नावं ठेवते. झालं तर! मी घरच्यायच्या ग्रुपवर लिहिलं, एकेक डबा मागवा, पोरीची इज्जत राखा.

आणि राखली हो त्यायनं. वणीच्या इंदूबाई मावशीनं पहिली ऑर्डर टाकली. ही माझ्या सासूची सख्खी बहीण, लेक कोळशाच्या खाणीत नोकरीले, म्हणून मोबाइल नवा कोरा. मंग यवतमाळ, मंग नेर, मंग दिग्रस. आठवड्यात सव्वीस ऑर्डरी आल्या. चौदा तारखेले सकाळी मोबाइल उघडला तर माझ्या नावासमोर मुकुट! मी गंगीले मिठी मारली. तिच्या हातातला झारा माझ्या केसाले लागला तरी मी काही म्हटलं नाही. दुपारी कुरिअरवाला फटफटी घेऊन दारात आला तेव्हा मी मुद्दाम त्याले दोनदा आवाज देऊन बोलली, शेजारच्यायले ऐकू जावं म्हणून. हे ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

त्याच्यानंतर चार दिवसांनी मोबाइल वाजला. 'परती नोंदवली. कारण: गरज संपली.'

मले वाटलं चूक झाली असन. दुसऱ्या दिवशी तीन आल्या. मंग पाच. मंग सात. सगळ्यायचं कारण एकच, गरज संपली. मुकुटाचा रंग राखेसारखा झाला आणि खाली लिहून आलं, तपासणी चालू आहे, अंतिम निर्णय एकतीस मार्च. कोण परत करून राह्यलं ते हे ॲपवाले सांगत नाहीत. फक्त एक लांबलचक नंबर देतात, तोही ऑर्डरीच्या नंबराशी जुळत नाही. परत आलेला मालही आधी नागपूरच्या गोदामात जाते आणि महिना सरला की एकदमच आपल्याकडं येते. तोवर बसा टाळकं धरून!

आणि गंमत पहा, एकीकडं परती वाढून राह्यल्या आणि दुसरीकडं ऑर्डरीही वाढून राह्यल्या. चंद्रपूर, वरोरा, पांढरकवडा, कुठून कुठून. मी आणि गंगी दिवसभर खलबत्त्यासमोर. आमच्या गल्लीतल्या मांजरीही जवसाच्या वासानं शिंकाले लागल्या. एवढी मागणी, मंग परत काहून? मी पहिले गंगीवर भडकली, मीठ जास्त पडलं म्हणून. गंगी म्हणे मीठ तूच टाकते ताई. मंग मी जवसावर आली. जवस दारव्ह्याच्या उत्तमसिंगच्या दुकानातला. त्यानंच मले जुना, खवट माल खपवला, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

भर बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकायसमोर त्याले नाही नाही ते बोलली. तुह्या मालानं माझा मुकुट गेला, म्हटलं. उत्तमसिंग म्हातारा माणूस, शांत. कोणता मुकुट, हे त्यानं विचारलंही नाही. त्यानं डबा हातात घेतला, चिमूटभर चटणी तोंडात टाकली, मंग आतून बायकोले बोलावून तिलेही दिली. दोघंही एकमेकाशी त्यायच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत काहीतरी बोलले. मंग त्यानं माझ्यासमोर दोन डब्यायचे पैसे ठेवले. चटणीत खोट काढाले गेलेली मी दोन डबे विकून घरी आली. तरीही माझा राग गेला नाही, उलट वाढला. शिव्या देऊन आली आणि वरून पैसे घेऊन आली, ह्याच्यासारखी लाज नाही.

पंचवीस तारखेले नागपूरवरून फोन आला. बोलणारा म्हणे मी धम्मरत्न, दारीबाजारच्या गोदामात परत आलेला माल तपासतो. आवाज भला होता. तो म्हणाला की ताई, तुमचे एकेचाळीस डबे माझ्यासमोर मांडले आहेत, आणि तुमच्या खात्यावर अदलाबदलीचा संशय आहे.

"कायची अदलाबदल?"

"डब्यात चटणी नाही ताई. ह्या डब्यात तूरडाळ आहे. ह्याच्यात साखर. एकात बोरं आहेत, सुकून गेली. एकात तिळाचे लाडू, ते आमच्या पोरायनं... ते राहू द्या. एकात ब्लाऊजपीस आहे आणि हळदीकुंकवाची पुडी."

मी कडाडली. चोर, लुटारू, गोदामातच कोणीतरी माझी चटणी खाल्ली, पोलिसात जाते, कलेक्टरकडं जाते! तो बिचारा ऐकत राह्यला. माझा दम संपला तेव्हा म्हणे, डाळीच्या डब्यात एक चिठ्ठी पण आहे, वाचू काय. म्हटलं वाच.

"'साधनाले आशीर्वाद. चटणी मस्त झालती. डाळ घरच्या तुरीची आहे. मावशी.'"

मी खाली बसली. जमिनीवर, जवसाच्या टोपल्यापाशी. सगळं एका झटक्यात समजलं आणि समजल्याबरोबर अंगाची लाही लाही झाली. आमच्याकडं कोणाच्या घरून डब्यात काही आलं, तर तो डबा घासूनपुसून परत द्याचा असते, आणि रिकामा द्याचा नसते. मूठभर का होईना, काहीतरी घालूनच द्याचा. ही रीत मले माहीत नव्हती काय? मीच तर जन्मभर पाळली! पण प्लास्टिकच्या पाकिटाले ती रीत लागत नाही. स्टीलच्या डब्याले लागते. आणि स्टीलचा डबा कोणाची हुशारी होती?

मी वणीले फोन लावला. वडील माणसाशी कसं बोलाव, हे त्या दिवशी मी विसरली.

"मावशी, तुमी तो डबा परत काहून पाठवला?"

"मंग काय ठेवून घेऊ? सोयऱ्याचा डबा घरात ठेवला तर लोक काय म्हणतीन?"

"अवं मावशी, तो डबा तुमी विकत घेतला होता!"

"डबा कोण विकत घेते बाई? चटणी घेतली मी. डबा तुहा." मंग जरा कौतुकानं म्हणाली, "तुह्या कंपनीची सोय लय चांगली आहे पण. एक बटन दाबलं की पोरगा घरी येऊन डबा घेऊन जाते. आधी मी यष्टीनं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवत होती, चार चार महिने डबा पोचत नसे."

गरज संपली हे कारण काहून टाकलं, विचारलं. तर म्हणे चटणी संपली ना. मी कपाळावर हात मारला, तो फोनमध्येही ऐकू गेला असन. पण खरा बॉम्ब पुढंच होता. डबा परत गेला की ॲपवाले गिऱ्हाइकाचे पैसे परत देतात. मावशीच्या खात्यात पैसे आले तेव्हा तिले वाटलं, मीच दिले. पोरगी किती मोठ्या मनाची, घरच्या माणसाचा पैसा घेत नाही! ही गोष्ट तिनं वणीतल्या सगळ्या ओळखीपाळखीत सांगितली, आणि चंद्रपूर-वरोऱ्यापर्यंत कळवली. म्हणूनच त्या ऑर्डरी! एवढे दिवस अख्खा जिल्हा आणि शेजारचा अर्धा जिल्हा माझी चटणी फुकट खाऊन राह्यला होता, आणि डबे घासून राह्यला होता.

"मावशी," मी ओरडली, "तुमी माझी खोली घालवली, माझा धंदा घालवला, गंगीचं काम घालवलं! रिकामा पाठवला असता तरी एवढं झालं नसतं!"

मंग मावशी हळूच म्हणाली, "रिकामा डबा तर मी दुश्मनालेही पाठवला नाही कधी."

मी फोन ठेवला आणि अर्धा तास भांडी आदळली.

दुसऱ्या दिवशी मीच नागपूरले फोन केला आणि धम्मरत्नले सगळं खरं सांगितलं. तो इतका हसला की त्याले पाणी प्यावं लागलं. मंग म्हणाला, ताई, चटणी भांड्यात नोंदवली कायले? तो म्हणे ते आधी बदला. नंतर तो गंभीर झाला. म्हणाला, मी पण इकडचाच आहे, माझ्या घरीही हेच चालते. साहेबाले समजावून सांगतो. आणि खरंच, दोन दिवसांनी त्याचा फोन आला. घरगुती गैरसमज म्हणून सगळ्या सोयऱ्यायच्या परती काढून टाकल्या होत्या. माझ्या खात्यावर जुन्या पाचच राह्यल्या.

"पण ताई, एक लक्षात ठेवा. आता एकतीस तारखेपर्यंत सहावी परती आली, तर मी काही करू शकत नाही. साहेबानं स्पष्ट सांगितलं."

मी शपथ घेतली की येणार नाही. ग्रुपवर मोठ्या अक्षरात लिहिलं, जो डबा परत करीन त्याचा माझा संबंध संपला. भांड्याची नोंद काढली, आणि खाण्याच्या वस्तूत नवीन नोंद कराले कागद दिले. ते मंजूर व्हाले आठ दिवस लागतीन म्हणाले, तर लागू द्या. एवढी मी हुशार झाली होती. पण नोंद काढायच्या आधी एक शेवटची ऑर्डर आली होती, धम्मरत्नची. तो म्हणे, एवढे डबे पाह्यले, पण चटणीच खाल्ली नाही. मले असं भरून आलं की त्याच्या डब्यात मी चटणी दाबून दाबून भरली. त्याले पैसे देऊ नको म्हटलं होतं, पण कंपनीच्या माणसाले फुकट घेता येत नाही, म्हणून त्यानं रीतसर ॲपवरूनच मागवली.

एकतीस मार्च. मुकुट पुन्हा पिवळाधमक. संध्याकाळी पाच वाजता ह्यायनं ट्रॅक्टरवर तुरीचे कट्टे आणून दारासमोर उभे केले होते, निव्वळ माझा जीव जाळाले. मी मोबाइल हातात घेऊन ओसरीवर बसली. गंगीनं दार अडवलं. सहा वाजता हिशेब होता. ह्यायचा चेहरा पाहून मले आतून गुदगुल्या होऊन राह्यल्या होत्या. तूर आता कुठं ठेवता, असं मी ह्यायले विचारूनही घेतलं.

पाच चाळीसले मोबाइल वाजला.

'परती नोंदवली. कारण: गरज संपली.'

मी सरळ धम्मरत्नले फोन लावला. तोच आधी बोलला. आवाज रडवेला.

"ताई, मी ड्युटीवर होतो. आईच्या हाती मोबाइल होता. मी तिले सगळी गोष्ट सांगितली होती, हसलो होतो आम्ही दोघं. ती म्हणे ते सगळं ठीक आहे, पण दुसऱ्याचा डबा आपल्या घरात तसाच कसा ठेवून घ्याचा."

सहा वाजता मुकुट गेला. सोनेरी नाही, चंदेरी नाही, साधा. शंभरातले अठरा. सव्वासहाले तूर आत आणि कढई बाहेर. ह्यायनं एक कट्टाही मजुराले उचलू दिला नाही, सगळे स्वतः आत नेले, आणि नंतर आठ दिवस कंबर धरून फिरले. तेवढंच माझं समाधान. गंगीनं कढई उचलून स्वतःच्या अंगणात नेली, तीन दगड मांडले आणि म्हणाली, ताई, उद्या लवकर ये. तिथं ना दार आहे, ना छत. पावसाळ्यात काय कराव, ते आम्हाले दोघीलेही माहीत नाही.

चार एप्रिलले नागपूरवरून बेचाळीस डब्यायचं पोतं आलं. बेचाळिसावा धम्मरत्नच्या आईचा होता. मी ठरवलं, हा उघडाचाच नाही. ज्या बाईनं सगळं माहीत असून माझा मुकुट पाडला, तिचं काही खाणार नाही! मंग उघडला. आत हातानं वळलेल्या शेवया होत्या, केसासारख्या बारीक. मी रागारागात खीर केली आणि रागारागातच दोन वाट्या खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गंगीच्या अंगणात मी सकाळीच चुलीपुढं बसली. गंगी आली आणि म्हणाली, ऑर्डर तर एकही नाही ताई, हा जवस कोणासाठी भाजून राह्यली?

म्हटलं, धम्मरत्नच्या आईसाठी. त्या माउलीनं शेवया पाठवल्या. आपण काहीच नाही पाठवलं तर कसं दिसते?